पॅरिसच्या थंडीत चांगली शुक्रूत कुठे मिळेल?

निशिगंधा_पॅरिस | ८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले इथे पारा शून्याच्या आसपास घुटमळतोय, साडेपाचला अंधार पडतो, आणि रोज मेट्रोतून घरी येताना माझ्या डोक्यात एकच पदार्थ असतो, शुक्रूत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिठात मुरवून आंबवलेला बारीक चिरलेला कोबी, तो वाइनमध्ये आणि बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीत तास-दोन तास मंद शिजवायचा आणि त्यावर धुरी दिलेलं डुकराचं मांस, दोन-तीन प्रकारची सॉसेजेस, उकडलेले बटाटे आणि बाजूला झणझणीत मोहरी. फ्रान्सच्या पूर्वेला जर्मनीला लागून आल्झास आहे, तिथला हा पदार्थ.

मी शिकायला स्ट्रासबुर्गला होते तेव्हा दोन हिवाळे एका आजींकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले, आम्ही सगळ्या मुली त्यांना मादामच म्हणायचो. जानेवारीतल्या रविवारी सकाळी आठ वाजता जिन्यात वास यायला लागायचा आणि साडेबाराला खालून हाक यायची. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा घर सोडून तीन महिने झाले होते आणि पहिल्या घासाला मला आमच्या माजघरातली लोणच्याची बरणी आठवली. मोहरी, आंबटपणा, मीठ, सगळं ओळखीचं, आणि तरी सगळं नवीन.

तर आता मुद्दा. माझा दादा २३ जानेवारीला नाशिकहून दहा दिवसांसाठी येतोय, पहिल्यांदाच युरोपात. तो सगळं खातो आणि मनापासून खातो. त्याला ही खिलवायचीच आहे. पॅरिसमध्ये कुठे नेऊ? घरी करायला माझी हरकत नाही पण पहिली तरी नीट मुरलेल्या जागी, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, मोठ्या ताटात आलेली त्याला दाखवायची आहे. ज्यांनी स्वतः खाल्लीये त्यांनी कृपया सांगा.

गरम_भाकरी | ८ जानेवारी, रात्री १०:१५

बोफँजे. बास्तीय मेट्रोला उतरायचं, चौकाला लागूनच र्यू द ला बास्तीयमध्ये आहे. १८६४ पासूनचं. आम्ही मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो, खाली मोठा काचेचा घुमट आहे त्याखाली टेबल मागा, फोन करून सांगितलं तर बघतात. शुक्रूतचे तीन-चार प्रकार असतात, माशांची पण असते. एक ताट दोघांत सुद्धा संपत नाही असं आमचं झालं.

वसईकर | ८ जानेवारी, रात्री १०:५२

मी पॅरिसला फक्त एकदा आलोय पण यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. पोर्क आणि आंबट ही जोडी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, सणाला इंदयाल होतं, गोव्याला सोरपोतेल आणि चोरीस. चरबी असलेल्या मांसाला आंबटच लागतं, त्याशिवाय दोन घासांनंतर तोंड मिटतं. आम्ही सिरका घालतो, त्यांनी कोबीच आंबवला, एवढाच फरक. त्यामुळे निशिगंधाताई तुम्हाला पहिल्या घासाला घर आठवलं याचं मला अजिबात नवल वाटत नाही. दादांना आवडणारच.

निशिगंधा_पॅरिस | ९ जानेवारी, सकाळी ८:०५

गरम_भाकरी, धन्यवाद, बोफँजे यादीत पहिलं टाकलं. मी एवढी चौकशी का करतेय तेही सांगते. पॅरिसला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या मैत्रिणीला घेऊन मी एका मोठ्या चौकातल्या, पर्यटकांची गर्दी असलेल्या ठिकाणी गेले होते, नाव लिहीत नाही. कोबी पांढराफटक, डब्यातून काढून गरम केल्यासारखा, इतका आंबट की घशाला लागला. सॉसेजेस उकळत्या पाण्यात टाकून फुटलेली, पाण्याची चव आलेली. मैत्रीण मूळची पोर्तुगीज, तिने पहिल्यांदाच खाल्ली, आणि तिचं मत झालं की हा पदार्थच असा आहे. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, मादामच्या स्वयंपाकघराची माझ्यामुळे बदनामी झाल्यासारखं. तिला अजून मी पुन्हा नेऊ शकलेले नाही. दादाच्या बाबतीत असं व्हायला नको.

इल_काठी | ९ जानेवारी, दुपारी १:३०

मी स्ट्रासबुर्गमध्येच राहतो, सात वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणताय तो फरक सगळा कोबीत आहे, मांसात नाही. लोक मेनूवर सॉसेजेसची संख्या मोजतात, पाच प्रकारचं मांस, सात प्रकारचं मांस, पण ताटाचा जीव कोबीत असतो. इथे कँताल नावाची कोबीची जात लावतात, आपल्या बाजारातल्या कोबीच्या मानाने राक्षसीच, एकेक गड्डा सहा-सात किलोपर्यंत जातो. स्ट्रासबुर्गच्या नैऋत्येला क्राउटरगेर्सहाइम नावाचं गाव आहे, नावातच क्राउट म्हणजे कोबी आहे, आणि ते गाव स्वतःला शुक्रूतची राजधानी म्हणवतं. उन्हाळ्याच्या शेवटी त्या रस्त्याने गेलात तर दोन्हीकडे कोबीची शेतं. मधला दांडा काढून टाकतात, लांब बारीक तंतू चिरतात, मीठ लावून थरावर थर टाक्यांमध्ये दाबतात, वर वजन. बाकी काही नाही, सिरका अजिबात नाही. मिठाने कोबीला पाणी सुटतं, त्या पाण्याखाली हवा जात नाही आणि कोबीवर मुळातच असलेले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आपल्या इडलीच्या पिठात पण हीच मंडळी काम करतात.

२०१८ पासून 'शुक्रूत दाल्झास' या नावाला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण मिळालंय, आपल्या जीआय टॅगसारखं. म्हणजे विकत घेताना पिशवीवर निळा-पिवळा गोल शिक्का आणि आयजीपी अशी अक्षरं दिसली तर तो कोबी इथलाच.

आता महत्त्वाचं. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात नवी शुक्रूत येते, ती फिकट, नाजूक आणि कमी आंबट. जसजसा हिवाळा सरतो तसा आंबटपणा चढतो. जानेवारीतला कोबी चांगला मुरलेला असतो, तो गार पाण्यात धुऊन घट्ट पिळून मगच शिजवायला हवा. तुमच्या त्या चौकातल्या ठिकाणी हेच केलं नसणार, आणि वेळ दिला नसणार. नीट शिजलेला कोबी पांढरा राहत नाही, हलका सोनेरी होतो, तंतू मऊ पण वेगळा वेगळा. आंबटपणा शेवटी जाणवतो, सुरुवातीला नाही.

सुगरण_नव्हे | ९ जानेवारी, दुपारी ३:१०

छान माहिती. वाचतेय.

शाकाहारी_सांगलीकर | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

एक प्रश्न, आम्ही दोघं मार्चमध्ये पॅरिस आणि स्ट्रासबुर्गला येतोय, नवरा सगळं खातो, मी शाकाहारी. मी नुसता कोबी आणि बटाटे मागितले तर देतील का?

इल_काठी | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

देतील, पण ताई तो तुम्हाला चालणार नाही. कोबी शिजतानाच चरबीत शिजतो आणि मांस त्याच्यातच पुरून ठेवलेलं असतं, वरून उचलून टाकलं तरी रस सगळा आत उतरलेला. तुमच्यासाठी कच्च्या शुक्रूतचं सॅलड बघा, क्वचित मेनूवर असतं, तेल, थोडं विलायती जिरं, कधी सफरचंद. नाहीतर फ्लामक्यूश, पातळ कुरकुरीत पोळीवर क्रीम आणि कांदा, पण त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच त्यामुळे 'सां लार्दों' असं स्पष्ट सांगा. आणि मुन्स्टर चीज विलायती जिऱ्याबरोबर. वास उग्र आहे, चव सौम्य. बाजारातून कच्चा कोबी विकत घेऊन घरी तेल-कांद्यावर केलात तर मात्र पोटभर खाता येईल.

जुना_पॅरिसकर | ९ जानेवारी, रात्री ११:३५

इथे एकोणीस वर्षं झाली आणि दर जानेवारीत एक शुक्रूत हा माझा नेम आहे त्यामुळे थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

आधी एक प्रश्न मला नेहमी पडायचा की आल्झासचा पदार्थ पॅरिसच्या जुन्या ब्रासरींमध्ये एवढा घट्ट कसा बसला. ब्रासरी शब्दाचा मूळ अर्थच बिअर गाळायची जागा. आल्झासी लोक बिअर करणारे, त्यातले काही आधीपासून पॅरिसला आले होते, बोफँजे १८६४ चं म्हणजे युद्धाच्या आधीचं. पण खरा लोंढा १८७०-७१ च्या युद्धानंतर. फ्रान्स हरलं, १८७१ च्या फ्रँकफर्ट तहाने आल्झास जर्मनीकडे गेलं आणि तिथल्या लोकांना सांगण्यात आलं की फ्रेंच राहायचं असेल तर १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत निवड करा आणि घरदार सोडून निघा. हजारो माणसं निघाली. त्यातली कितीतरी पूर्वेकडच्या गाड्या जिथे येतात त्या गार द लेस्ट स्टेशनवर उतरली आणि तिथेच आजूबाजूला राहिली. स्टेशनसमोरून निघणाऱ्या रस्त्याचं नावच बुलव्हार द स्ट्रासबुर्ग आहे (नाव युद्धाच्या आधीचं, रेल्वेमुळे पडलेलं). गाव सोडून आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात काय खावंसं वाटतं ते इथल्या आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९१८ ला आल्झास परत फ्रान्समध्ये आलं, पण तोवर शुक्रूत पॅरिसची झाली होती.

आता जागा.

लिप. सँ-जर्मँ-दे-प्रे मेट्रो, बुलव्हारवरच. १८८० मध्ये लेओनार लिप नावाच्या आल्झासी माणसाने सुरू केलं. भिंतींवर रंगीत टाइल्स, मोठे आरसे, काळ्या कोटातले वेटर जे तुमच्याकडे बघून तुमची भूक ओळखतात. माझं मत, कोबीसाठी जायचं तर लिप. तिथे आधी सेर्व्हला रेमुलाद घ्या, गार सॉसेज आणि मोहरीचा घट्ट सॉस, पण दोघांत एकच, नाहीतर पुढे जागा राहणार नाही.

बोफँजे. पहिल्यांदा येणाऱ्याला दाखवायला याच्यासारखी जागा नाही. घुमट तर आहेच, पण वरच्या मजल्यावर हान्सी या आल्झासी चित्रकाराच्या चित्रांची खोली आहे, ती जेवण झाल्यावर विनंती करून बघा. हान्सीने आयुष्यभर आल्झासची खेडी, करकोचे, मोठ्या काळ्या रिबिनी बांधलेल्या मुली काढल्या आणि जर्मन राजवटीची टिंगल केली म्हणून तुरुंगवासही भोगला.

फ्लोदरेर, पूर्वीची फ्लो. गार द लेस्टपासून चालत, कूर दे पतीत-एकुरी नावाच्या आतल्या बोळात. गडद लाकूड, रंगीत काचा, बाहेरून कळत पण नाही आत काय आहे. रात्री सुंदर दिसतं.

तुमचा दादा पहिल्यांदाच येतोय म्हणून मी म्हणेन बोफँजे, आणि दुसऱ्यांदा येईल तेव्हा लिप.

गरम_भाकरी | १० जानेवारी, सकाळी ७:५०

जुना_पॅरिसकर, १८७२ च्या तारखेबद्दल माहीत नव्हतं. आता त्या घुमटाखाली बसताना वेगळं वाटेल.

वसईकर | १० जानेवारी, सकाळी ९:२०

+१. ताटाच्या मागे माणसं असतात हो.

मध्यरात्री_भूक | १० जानेवारी, दुपारी १२:१५

न्यू जर्सीतून. इथे जर्मन पद्धतीचा सॉअरक्राउट हॉटडॉगवर घालून मिळतो पण ते वेगळंच प्रकरण, मांसाबरोबर वाइनमध्ये शिजवलेला मी कधी खाल्ला नाही. एक गंमतशीर माहिती, पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नाव नको म्हणून सॉअरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणायला लागले होते. आणि त्याच्या बरंच आधी कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत जहाजावर पिंपं भरून हाच कोबी नेला होता, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. बाकी तुमचं चालू द्या, मी वाचून पोट भरतोय.

पाऊसवेडी | १० जानेवारी, दुपारी २:४०

मेनू वाचताना काय बघायचं ते पण कोणीतरी सांगा ना. मी ल्योंला असते, माझं फ्रेंच कामापुरतं आहे. मागे एकदा मी शुक्रूत समजून मागवली आणि मासे आले.

इल_काठी | १० जानेवारी, दुपारी ४:०५

'द ला मेर' किंवा 'ओ पुआसों' लिहिलेलं असेल तर माशांची. ती पण वाईट नाही बरं का. स्ट्रासबुर्गला कॅथीड्रलच्या अगदी शेजारी मेझाँ कामेरत्सेल म्हणून सोळाव्या शतकातलं कोरीव लाकडी घर आहे, तळमजला तर १४६७ चा, तिथली तीन माशांची शुक्रूत प्रसिद्ध आहे. गी-पिएर बोमान नावाच्या शेफने हा प्रकार लोकप्रिय केला. धुरी दिलेला मासा आणि लोण्याचा सॉस, कोबीचा आंबटपणा त्याला छान तोलतो. कोकणातल्या माणसाला लगेच पटेल.

'गार्नी' म्हणजे मांसासकट, हीच नेहमीची. 'रॉयाल' म्हणजे मांस जास्त आणि वाइनच्या जागी क्रेमाँ (शँपेनसारखीच फसफसणारी वाइन) किंवा शँपेन. 'जारे' किंवा 'जाँबोनो' म्हणजे डुकराच्या पायाचा अख्खा गुडघा, तो एकट्याने मागवू नका. 'कनाक' म्हणजे स्ट्रासबुर्गची लांब बारीक सॉसेजेस, दाताखाली तुटताना कनाक आवाज येतो म्हणून ते नाव, आवाज आला नाही तर ती जास्त शिजलीयेत. 'माँबेलिआर' जाडसर, धुरी दिलेली, ही आल्झासची नाही, शेजारच्या फ्राँश-काँतेची, पण ताटात असते. 'पालेत' म्हणजे खांद्याचं धुरी दिलेलं मांस, मला सगळ्यात हेच आवडतं. लिव्हरचे मऊ गोळे असतील तर 'केनेल द फुआ', ते मिळाले तर सोडू नका, हल्ली कमी ठिकाणी करतात.

पाऊसवेडी | १० जानेवारी, दुपारी ४:३०

सेव्ह करून ठेवलं. खूप खूप आभार.

बरणीवाली_पुणे | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

मी पुण्यात तीन हिवाळे घरी कोबी आंबवतेय त्यामुळे माझे दोन शब्द. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं, वजन काट्यावर मोजून, अंदाजाने नाही. बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं दोन्ही हातांनी चुरायचं म्हणजे पाणी सुटतं. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर कोबीचं अख्खं पान, त्यावर स्वच्छ धुऊन उकळलेला दगड, दादरा बांधायचा. कोबी पाण्याखाली राहिलाच पाहिजे, वर आला की बुरशी. डिसेंबर-जानेवारीतच करा, घरात १८ ते २० अंश असेल तर दोन-तीन आठवडे शांतपणे मुरतो. मी एकदा एप्रिलमध्ये केला होता, चार दिवसांत इतका फसफसला की मऊ लिबलिबीत झाला, सगळा फेकावा लागला आणि मला फार वाईट वाटलं.

इल_काठी | ११ जानेवारी, सकाळी ११:४५

बरणीवाली, इथे पण अगदी तशाच बरण्या आहेत! आल्झासच्या उत्तरेला बेटशडॉर्फ गावात करड्या रंगाची, निळी नक्षी काढलेली, मिठाची झिलई दिलेली भांडी करतात. जुन्या घरांच्या तळघरात त्यात कोबी असायचा आणि वर दगडच.

जुना_पॅरिसकर | ११ जानेवारी, रात्री ८:२०

धुण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. तीन-तीनदा धुतला की कोबीचा सगळा स्वभाव निघून जातो आणि मग उरतो नुसता गवतासारखा तंतू. एकदाच धुवावा, पिळावा, आणि शिजवताना वाइन हात राखून न घालता घालावी. आंबटपणा काढून टाकायचा नसतो, चरबी आणि वाइनने त्याला गोलाई आणायची असते.

इल_काठी | ११ जानेवारी, रात्री ९:००

आधी चाखायचा आणि मग ठरवायचं. सप्टेंबरचा कोबी मी धूतच नाही. फेब्रुवारीचा दोनदा.

निशिगंधा_पॅरिस | ११ जानेवारी, रात्री १०:३०

मादामना काल फोन केला, आता त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, एकदा धुवायचा, कच्चा एक तंतू तोंडात टाकायचा आणि तोंड वाकडं झालं तरच दुसऱ्यांदा. आणि हंसाची चरबी, दुसरी चालणार नाही.

बोफँजेला २५ तारखेच्या रविवारी दुपारचं टेबल घेतलंय.

शाकाहारी_सांगलीकर | १२ जानेवारी, सकाळी ६:५५

मादामना आमचा पण नमस्कार सांगा.

पेठेतला_खवय्या | १२ जानेवारी, दुपारी १:००

जरा वेगळं बोलतो. दादा एवढ्या लांबून येतोय तर थेट स्ट्रासबुर्गलाच का नाही नेत? गार द लेस्टहून पावणेदोन तासांत गाडी पोचते, सकाळी निघून रात्री परत. पदार्थ त्याच्या गावात खाल्ला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरचा तांबडा रस्सा कोणी मुंबईत खाऊन सांगायला लागलं की मला कसंतरी होतं.

जुना_पॅरिसकर | १२ जानेवारी, दुपारी २:१५

तत्त्व बरोबर आहे, पण पॅरिसची शुक्रूत ही नक्कल नाही. दीडशे वर्षं तिथेच राहिलेल्या माणसांनी केलेली आहे.

इल_काठी | १२ जानेवारी, दुपारी ३:००

दोघांचंही मला पटतं. येणार असाल तर जानेवारी उत्तम. डिसेंबरात ख्रिसमस मार्केटमुळे कॅथीड्रलच्या आसपास पाऊल ठेवायला जागा नसते, १५७० पासूनचा बाजार आहे, जग लोटतं. जानेवारीत शहर आमचं आम्हाला परत मिळतं. वीनस्टुब म्हणतात त्या छोट्या लाकडी खानावळींत दुपारी लगेच जागा मिळते, चेक्सचे टेबलक्लॉथ, शेजारच्या टेबलावरची माणसं पण बोलायला लागतात. फक्त रविवार-सोमवार बऱ्याच बंद असतात तेवढं बघा.

निशिगंधा_पॅरिस | २६ जानेवारी, रात्री ११:१०

मंडळी, वृत्तांत देते, सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलं त्यामुळे न लिहून चालणार नाही.

काल सकाळी बारीक बर्फ पडत होता, टिकणारा नाही, पडून विरघळणारा. दादा तीन स्वेटर घालून. बास्तीयला उतरून चालत गेलो तेवढ्यात त्याचे कान लाल. आत शिरल्यावर आधी ऊब, मग वास, आणि मग त्याने मान वर करून घुमट बघितला तो बराच वेळ बघतच राहिला. टेबल घुमटाखालीच मिळालं (गरम_भाकरी, तुमच्यामुळे, मी फोनवर सांगून ठेवलं होतं).

आम्ही दोघांत एकच मांसाची मागवली आणि माझ्या हट्टाने एक माशांची. ताट आलं ते वाफाळत. मी इल_काठींनी सांगितल्याप्रमाणे आधी नुसता कोबी खाल्ला, बाकी कशाला हात न लावता. हलका सोनेरी, मऊ, तंतू वेगळा, आंबटपणा अगदी शेवटी. जुनिपरची काळी फळं मधूनमधून दाताखाली येत होती, ती चावायची नाहीत हे दादाला सांगेपर्यंत त्याने दोन चावली आणि म्हणाला ही छान लागतात, देवदाराच्या वासासारखी. कनाक तोडताना आवाज आला! त्याने पण ऐकला. मग तो काहीच बोलला नाही, फक्त जेवत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते. अर्ध्यात आल्यावर म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, मोहरी फेसलीये चांगली." आई जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो आणि मग पुन्हा जेवायला लागलो.

माशांची पण चांगली होती, पण दादाचं मत मांसाच्या बाजूने. सोबत रीसलिंग या पांढऱ्या वाइनचा एकेक पेला, त्याला बिअरपेक्षा ती जास्त आवडली, कोबीला तीच लागते म्हणाला, आणि त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोघांचे मिळून पेल्यांसकट शंभर युरोच्या आत झाले, नेहमीचं जेवण नाही हे, पण मला एकही पैसा जास्त वाटला नाही. हान्सीची खोली विचारली, वर कोणी नव्हतं म्हणून वेटरने स्वतः नेऊन दाखवली. त्याला मी १८७२ ची गोष्ट सांगितली, तर म्हणाला त्याची पणजी आल्झासचीच.

आणि पोर्तुगीज मैत्रिणीला पुढच्या महिन्यात नेणार आहे, तारीख पण ठरलीये.

वसईकर | २७ जानेवारी, सकाळी ६:३०

वाचून डोळे भरून आले. दादांना माझा नमस्कार.

जुना_पॅरिसकर | २७ जानेवारी, सकाळी ९:४५

माझी या वर्षीची राहिली होती, आज संध्याकाळीच लिपला जातो. सेर्व्हला रेमुलादपासून सुरू करणार.

पेठेतला_खवय्या | २७ जानेवारी, दुपारी १२:२०

मान्य. पॅरिसची पण चालेल. सुंदर लिहिलंत.

निशिगंधा_पॅरिस | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

दादा आज निघाला. शेवटच्या दोन दिवसांत घरी पण केली, बाजारातल्या शार्क्युतरीवाल्याने (डुकराच्या मांसाचे तयार पदार्थ विकणाऱ्याने) टबातून काढून कच्चा कोबी दिला, चौघांसाठी एक किलो. एकदा धुतला, एक तंतू चाखला, तोंड वाकडं झालं नाही. कांदा हंसाच्या चरबीवर परतला, त्यावर निम्मा कोबी, मग धुरी दिलेलं मांस, वर उरलेला कोबी, तमालपत्र, दोन लवंगा, लसूण, डझनभर जुनिपरची फळं, अर्धी बाटली रीसलिंग, घट्ट झाकण आणि अगदी बारीक गॅसवर दोन तास. सॉसेजेस शेवटी वेगळ्या गरम पाण्यात, गॅस बंद करून दहा मिनिटं. एकही फुटलं नाही. उरलेला कोबी दुसऱ्या दिवशी जास्त छान लागला.

दादाने जुनिपरच्या फळांची छोटी पिशवी नेलीये. त्याला नाशिकला करायचंय.

निशिगंधाचा_दादा | ६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

नमस्कार. खास या धाग्यासाठी खातं उघडलं. आजीची लोणच्याची बरणी माळ्यावरून काढली, दोन किलो कोबी, ५० ग्रॅम मीठ, काल रात्री भरली. इथे रात्री अजून थंडी आहे पण दुपारी तापायला लागलंय, घरात २४ पर्यंत जातं. बरणी कुठे ठेवू? आणि पाणी कोबीच्या जेमतेम वर आलंय, तेवढं पुरेल का?

बरणीवाली_पुणे | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पुरेल, पण उद्या दुपारपर्यंत अजून वर आलं नाही तर लिटरला २५ ग्रॅम मिठाचं उकळून गार केलेलं पाणी वरून घाला. बरणी मोरीजवळच्या फरशीवर ठेवा, घरातली सगळ्यात गार जागा तीच असते, आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा. २४ ला तीन आठवडे थांबू नका. आठव्या दिवशी दादरा सोडून चाखा आणि इथे लिहा.